खळग्यांतले खातेदार

मुंबईच्या समुद्राला जुन्या लोकांनी एक सोपं गणित लावून ठेवलं आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. संकष्टीला टिटवाळ्यात गणपतीच्या दर्शनाला गाड्या भरभरून येतात, तेव्हा मी उलट दिशेची लोकल पकडतो आणि दादरला बदलून वांद्र्याचा खडकाळ किनारा गाठतो.

चतुर्थीला पाणी फार आत जात नाही. मला ते चालतं. मला पाहायचे असतात वरचे खळगे, जिथे उधाणाचे शिंतोडेच काय ते पोचतात. मे महिन्यात त्यांतलं पाणी ऊन होतं, आटतं, मीठ दाटतं. जुलैत एका सरीत ते गोडं होतं. इथे कोण राहणार? पण डबीच्या पांढऱ्या झाकणात थोडं पाणी घेऊन भिंग धरा. मिलिमीटरभर ठिपके झटके देत पळताना दिसतात. हे कोपेपॉड, आपल्या जवळा-करंदीचे दूरचे भाऊबंद. खालच्या खळग्यांना समुद्र दिवसातून दोनदा धुऊन काढतो, पण तिथे भुकेले मासे असतात. वर हवापाणी वाईट, पण दारात सावकार नाही!

खडकाला चिकटलेले, पायाला खरचटणारे पांढुरके बार्नॅकल हेही शिंपला नव्हेत, याच कुळातले. डोकं खडकाला चिकटवून पायांनी अन्न ओढणारा हा प्राणी. डार्विननं त्याच्यावर आठ वर्षं घालवली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यांनी दोन जाती तपासल्या, आणि १९६१ साली निष्कर्ष छापला. खालच्या जातीला वर ऊन सोसत नाही. वरची जात खालीही जगू शकते, पण खालची तिला चिरडते, उचकटून टाकते. गरिबानं डोंगरउतारावर घर बांधावं, तसंच हे.

मरीन ड्राइव्ह ते वरळी हा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं खुला झाला. त्याच्या भरावासाठी हाजी अली आणि वरळीची प्रवाळं २०२० मध्ये दुसरीकडे हलवली गेली, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्यांचं नाव आहे. बँकेच्या भाषेत, ज्यांचं खातं होतं त्यांची शिल्लक दुसऱ्या शाखेत वर्ग झाली. कोपेपॉडच्या नावे खातंच नव्हतं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून या जगाची ओळख करून देऊ लागली, तोवर इथे काय आहे हे शहरातल्या किती जणांना ठाऊक होतं?

संरक्षक भिंत येते ती नेमकी वरच्या खळग्यांवर. बार्नॅकल काय, काँक्रीटलाही चिकटतील. पण उभ्या भिंतीत पाणी साठायचं कुठे? सिडनीच्या बंदरात भिंतींना कुंडीसारखे खळगे बसवून पाहिले आहेत, आणि त्यांत वस्ती होते. वांद्र्याच्या उत्तरेलाही किनाऱ्यालगत रस्ते आखलेले आहेत. तिथल्या एस्टिमेटमध्ये अशा कुंड्यांसाठी एक ओळ घालायला किती खर्च येईल, एवढं तरी कुणी विचारावं.