काट्यावरील आकडा

शाळेत उंची व वजन मोजण्याचा दिवस आला, की काही मुलांच्या छातीत धडधडू लागते. गुरुजी आकडा मोठ्याने वाचतात आणि मागून हसू ऐकू येते. एकाला ‘भोपळा’ हे नाव चिकटते, दुसऱ्याला ‘काडीपहिलवान’. ज्या आकड्यावरून ही नावे पडतात, तो खरोखर किती सांगतो?

बेल्जियममधील आडोल्फ केतले हा गणिती व खगोलशास्त्रज्ञ होता. आकाशाचे वेध घेताना उपयोगी पडणारे गणित त्याने माणसांना लावून पाहिले. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत त्यातूनच निघाली. उंची दीड मीटर व वजन ४५ किलोग्रॅम असल्यास भागाकार २० येतो. १९७२ साली अँसेल कीज व त्यांचे सहकारी यांनी या भागाकारास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले.

परंतु केतले शोधीत होता तो ‘सरासरी मनुष्य’. आणि असा मनुष्य कोणत्याच गावात राहत नाही! शिवाय हाडे किती, स्नायू किती व चरबी किती, हे या भागाकारातून कळत नाही. तालमीत अंग कमावलेल्या मल्लाचा अंक एखाद्या स्थूल माणसाइतका भरू शकतो.

मुलांना तर प्रौढांचे माप मुळीच लागू पडत नाही. मुलींची उंची साधारणपणे बाराव्या व मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. एका वर्षात आठनऊ सेंटिमीटरही. मात्र ही वाढ ठरल्या मुहूर्तावर येत नाही. कोणाला ती दोन वर्षे आधी गाठते, कोणाला दोन वर्षे उशिरा. त्यामुळे एकाच बाकावरील दोन मित्रांत वीतभर अंतर पडते आणि तरीही दोघे निरोगी असतात. मुलींच्या शरीरातील चरबी या वयात वाढते, तीही निसर्गक्रमानेच.

अशा वेळी चिडवण्याला भिऊन एखादी मुलगी डब्यातील पोळी तशीच घरी नेऊ लागते. खरी हानी येथे होते. हाडांतील कॅल्शियमचा मोठा साठा याच वर्षांत होत असतो. वाढत्या रक्ताला लोह हवे असते. उपाशी राहिल्याने वजन उतरते खरे, पण त्याबरोबर स्नायू व शक्तीही उतरतात.

डॉक्टर म्हणूनच एका आकड्यावर विसंबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षे वयासाठी २००७ साली मुलगे व मुली यांचे वेगवेगळे आलेख प्रसिद्ध केले. अशा आलेखावर दर खेपेचा बिंदू मांडला, की एक रेषा तयार होते. ती आपल्या मार्गाने चढत असेल, तर ती इतरांच्या रेषेच्या थोडी वर आहे की खाली, याची चिंता नसते. ती एकाएकी वर उसळली किंवा खाली घसरली, तरच डॉक्टर मुलाला जवळ बसवून झोप, जेवण व खेळ यांविषयी विचारू लागतात.