पोरगा अठराचा झाला? एकदा तमाशा दाखवाच!

आमच्या बोदवडकडे पोरगा अठराचा झाला की केक आणि डीजे ठरलेलाच. मी मात्र मुलाला यात्रेतल्या तमाशाच्या तंबूत घेऊन गेलो. आमच्या वयाच्या खान्देशी माणसाची रात्रीची खरी मजा तिथंच होती, भो!

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती:

🔸 तमाशाचे ढोबळ प्रकार दोन. संगीत बारीत बैठकीची लावणी. ढोलकी फडात तंबू, सोंगाड्या आणि वग.

🔸 क्रम लक्षात ठेवा: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, शेवटी वग. गवळणीतली मावशी चुकवू नका. बाईच्या वेशातला तो पुरुष सगळा तंबू हसवतो.

🔸 लवकर पोचलात तर हलगीवाल्याकडे बघा. खेळाआधी तो हलगी जाळावर शेकतो, कातडं ताणलं की आवाज कडक निघतो.

🔸 हंगाम साधारण दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात फड बंद.

🔸 रात्रभराचा खेळ आता विसरा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद; ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते.

🔸 पोराला विठाबाई नारायणगावकरांबद्दल जरूर सांगा. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावंत. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

तिकीट काढूनच बसा, ओळखीवर फुकट घुसू नका. फडाचं पोट त्याच गल्ल्यावर चालतं. आणि पोरगा अठराचा झालाच आहे, तर मतदार यादीत नाव घालायचा अर्जही उरकून टाका!