पटलावर ठेवलेले नियम: वेस्टमिन्स्टरमधला एक मंगळवार

सकाळी 9. लॉर्ड्स सभागृहाची दुय्यम कायदे छाननी समिती. सल्लागार मोजकेच, आणि सरकारने पटलावर ठेवलेल्या नियमांचा नवा गठ्ठा समोर. मासेमारी, पेन्शन, बंदरे आणि मध्येच कुठेतरी इमारतींची आगसुरक्षा. बरेचसे नियम भराभर चाळून बाजूला ठेवता येतात, आगीचे येत नाहीत.

समजा, आजच्या गठ्ठ्यात 2025 चे नियम आहेत: उंच इमारतीतल्या ज्या रहिवाशांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही त्यांच्या सुटकेचे आराखडे. 14 जून 2017 च्या रात्री लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटला आणि 72 माणसे गेली. तिथे राहणाऱ्या 37 अपंगांपैकी 15 वाचले नाहीत. असे आराखडे आधीच तयार ठेवा, असे चौकशीच्या पहिल्या अहवालाने ऑक्टोबर 2019 मध्ये बजावले होते. 2022 मध्ये सरकारने ते व्यवहार्य नाही म्हणून नाकारले. नियम पटलावर आले जुलै 2025 मध्ये आणि अंमलाची तारीख ठरली 6 एप्रिल 2026. एवढा इतिहास ठाऊक असल्याखेरीज त्यातले एक कलमही नीट वाचता येत नाही.

9.25. पलीकडे कॉमन्सच्या एका खोलीत वेगळ्याच नियमांवर समिती बसली आहे. सभागृहाची मंजुरी लागणारे नियम असे सोळा ते अठरा खासदारांपुढे येतात. चर्चेला दीड तासाची मुभा असते, पण ती पुष्कळदा वीस मिनिटांत उरकते. मंत्री भाषण वाचतात, विरोधी बाकावरून दोन-चार प्रश्न येतात, मागचे सदस्य आपापला पत्रव्यवहार आवरतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा? एक शब्दही बदलायचा अधिकार नाही. घ्यायचे तर सगळे, नाहीतर काहीच नाही. कॉमन्सने कुठलाही दुय्यम हुकूम शेवटचा फेटाळला तो 1979 मध्ये, आणि तोही होता घासलेटच्या दराबद्दलचा.

11 ते 1. दिवसाचे खरे काम हे. नियम वाचायचे म्हणजे 2005 चा आगसुरक्षा आदेश, 2021 चा कायदा आणि 2022 चे नियम शेजारी उघडून बसायचे, कारण प्रत्येक वाक्य दुसरीकडे बोट दाखवते. इमारत 18 मीटर किंवा सात मजल्यांची असेल तर नियम लागू. 11 मीटरहून उंच असेल तर मात्र सगळ्यांनी एकदमच बाहेर पडायचे असे तिथे ठरलेले असेल तरच लागू. मग 12 मीटरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर व्हीलचेअरवर असलेल्या बाईंचे काय? ‘जबाबदार व्यक्ती’ने असे रहिवासी शोधण्यासाठी ‘वाजवी प्रयत्न’ करायचे. दारावर एक चिठ्ठी चिकटवली की झाले का वाजवी? घरात काही बसवायचे ठरले तर खर्च कुणाचा? असे प्रश्न पत्रात घालून मंत्रालयाला पाठवतात. उत्तर गुळमुळीत आले की पुन्हा विचारतात. माझ्या मते संसदेची छाननी म्हणतात ती याच पत्रव्यवहारात होते.

दुपारी 3.30. समितीची बैठक. लोकांशी सल्लामसलत पुरेशी झाली का, सोबतचे टिपण समजते का, नियमांनी हेतू साधेल का, असे मुद्दे पाहायचे. मसुद्यातल्या कायदेशीर चुका शोधायला दोन्ही सभागृहांची वेगळी संयुक्त समिती आहे. ती धोरणाला हात लावत नाही. खटकणारे नियम ‘सभागृहाच्या नजरेस आणले’ जातात.

संध्याकाळी 6. तारखांचा हिशेब. सुटकेच्या आराखड्यांसारखे नियम कुणी हरकत घेतली नाही तर आपोआप टिकतात. हरकतीला 40 दिवस, त्यातून मोठ्या सुट्ट्या वजा. उंच इमारतींच्या बांधकाम-परवानगीचे नियम 17 ऑगस्ट 2023 ला पटलावर आले, तेव्हा खासदार उन्हाळी सुट्टीवर होते. सप्टेंबरात ते परतले आणि 1 ऑक्टोबरला अंमल सुरूही झाला. नियमाला धरूनच झाले हे सगळे, पण शोभले नाही.

समितीचा अहवाल निघेल. तो सरकारवर बंधनकारक नसतो. निदान माणसांच्या जिवाशी गाठ असलेल्या नियमांत तरी संसदेला दुरुस्ती करता आली पाहिजे. आज ती करता येत नाही.