लेकरांची चित्रपुस्तके : छापखाना व दुकान, दोघांना काम

जून आला की कन्नडच्या स्टेशनरी दुकानांत वह्या, पाठ्यपुस्तके आणि गाइड यांची झुंबड असते. पण तीन वर्षांच्या लेकराला रात्री कुशीत घेऊन वाचून दाखवावे असे पुस्तक मागितले, तर बहुधा रंगवायची वही पुढे येते. ‘गिऱ्हाईकच नाही’ हे उत्तर ठरलेले.

गिऱ्हाईक नाही, हे खरे वाटत नाही. आपल्याच जिल्ह्याच्या शहरात, औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर), 2021 साली एका पुस्तक विक्रेत्याच्या शाळकरी मुलीने मोहल्ल्यात बालवाचनालय उघडले. रीड अँड लीड फाउंडेशनच्या पाठबळाने पुढे अनेक मोहल्ल्यांत तशी वाचनालये झाली. तिथे मुले येतात ती गोष्टींसाठीच.

आता धंद्याचे. लग्नपत्रिकांची बरीच कामे मोबाइलने नेली. छापखान्याने आणि बाइंडरने इकडे पाहावे. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. त्यावर मराठी आणि उर्दूतही चित्रकथा आहेत. बहुतेक कथा खुल्या परवान्यावर असल्याने त्या कोणालाही छापून विकता येतात, रॉयल्टी लागत नाही. मात्र लेखक, चित्रकार, प्रकाशक आणि परवाना यांचा उल्लेख छापावाच लागतो, काही बदल केला असेल तर तेही सांगावे लागते. प्रत्येक पुस्तकाचा परवाना आधी वाचावा.

सोळा पानी पुस्तक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातलेला एक कागद. खरी मेख उर्दूत आहे. पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणून पानांची मांडणी उलटी लावावी लागते. मराठी प्रतीत पुढे चाललेली बैलगाडी उर्दू प्रतीत मागे चालल्यासारखी दिसते. संगणकावर चित्र उलटवले तर दुकानाची पाटी उलटी होते आणि जेवणारा माणूस डाव्या हाताने जेवू लागतो! असली प्रत आपल्या घरात कोण घेईल? तेव्हा एकेक चित्र तपासूनच उलटवावे.

दिव्याखाली चमकणारा कागद डोळ्यांना खुपतो, मॅट कागद बरा. तारेची टोके आत नीट दाबावीत. अगदी लहानांसाठी दोऱ्याची शिलाई उत्तम.

मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी नाही. पण कागदावर भरलेला कर त्यामुळे वळता करून घेता येत नाही. किंमत ठरवताना तो खर्चातच धरावा. पहिली खेप थोडीच छापावी, मराठी आणि उर्दू दोन्ही, आणि काउंटरवर लेकराचा हात पोचेल इतक्या खाली ठेवावी.