जोत्तो आणि करुणरस

इटलींतील पादुआ नगरांत एन्रिको स्क्रोव्हेन्यी नामक धनिकानें बांधविलेलें एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे. त्याचा पिता रेजिनाल्दो हा सावकार. महाकवि दांते यानें त्याचें नांव न घेतां, परंतु कुलचिन्हावरून ओळखूं यावा अशा रीतीनें, त्यास व्याजखोरांच्या नरकांत बसविलें आहे. अशा घराण्याच्या मंदिराच्या भिंतींवर इ. स. १३०५ च्या सुमारास जोत्तो या चित्रकारानें मेरी व येशू यांचें चरित्र रंगविलें.

तत्पूर्वीं इटलींत बायझँटाइन पद्धतीचा प्रभाव मोठा होता. त्या चित्रांतील पार्श्वभूमि सुवर्णाची आणि मूर्ति बहुधा निश्चल. वंद्य खऱ्या, परंतु आपल्या सुखदुःखांपासून दूरच्या. जोत्तोनें सुवर्णाच्या जागीं निळें आकाश आणिलें, पायांखालीं भूमि दिली आणि देहांस भार दिला.

अंतःकरणांतील भाव ज्या बाह्य विकारांनीं प्रकट होतो, त्यांस आपल्या साहित्यशास्त्रांत अनुभाव म्हणतात. जोत्तोच्या 'शोक' या चित्रांत ते किती विविध आहेत! मृत पुत्राचें मस्तक कवटाळून माता त्याच्या मुखाकडे एकटक पाहते. मॅग्डलिन पावलांशीं बसली आहे. जॉन दोन्ही बाहू मागें फेंकून वांकला आहे. आकाशांत देवदूत आक्रंदत आहेत. मागील खडकाची उतरती कडाही आपली दृष्टि त्या दोन मुखांकडेच नेते.

तथापि या चित्राचें खरें मर्म पुढें बसलेल्या दोन पाठमोऱ्या आकृतींत आहे. त्यांचीं मुखें दिसत नाहींत, अश्रु दिसत नाहींत. दिसते ती केवळ वस्त्रांत गुरफटलेली, वांकलेली पाठ. जें दाखविलें नाहीं तें पाहणाऱ्यानें स्वतःच्या दुःखावरून जाणावयाचें. हीच चित्रांतली व्यंजना. त्या आकृतींच्या मागें आपणही त्याच मंडळींत बसलों आहोंत, असा भास होतो. आणि देवमातेचा शोक कोणाही मातेचा शोक होतो.

११ मार्च १९४४ रोजीं बाँबवर्षावांत शेजारच्या एरेमितानी चर्चमधील मांतेन्याचीं भित्तिचित्रें बहुतांशीं नष्ट झालीं. जोत्तोच्या भिंती मात्र वांचल्या. या चित्राची प्रतिकृति मिळाल्यास वाचकांनीं ती मुलांसह पाहावी. 'हा कोण, ती कोण' हें मागाहून सांगावें. आधीं, त्या पाठमोऱ्या आकृतींचीं मुखें कशीं असतील, एवढेंच विचारावें.