हलणारा पाय

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद हे गाव आहे. तेथील प्रचंड रेडिओ दुर्बीण जगप्रसिद्ध आहे. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या निमित्ताने खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. जुन्नर, आंबेगाव आणि आसपासच्या भागातील शाळांचे विद्यार्थी तेथे स्वतः तयार केलेल्या प्रतिकृती मांडतात. प्रतिकृती म्हणजे खऱ्या वस्तूसारखी तयार केलेली दुसरी वस्तू. अशा प्रदर्शनात मांडता येईल अशी एक सोपी प्रतिकृती म्हणजे हलणारा पाय.

आपल्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांपैकी ६० हाडे दोन पायांत असतात. प्रत्येक पायात मांडीचे एक हाड, गुडघ्याची वाटी, नडगी आणि तिच्या शेजारचे बारीक हाड अशी चार हाडे असतात. उरलेली २६ हाडे घोट्यापासून बोटांपर्यंत असतात. मांडीचे हाड शरीरातील सर्वांत लांब हाड आहे.

पुस्तकातील चित्रात ही हाडे दिसतात. पण शिवनेरीच्या पायऱ्या चढताना पाय कसा वाकतो, ते चित्रात दिसत नाही. हाड स्वतः वाकत नाही. जेथे दोन हाडे जुळतात, तेथे पाय वाकतो. त्या जागेला सांधा म्हणतात. कमरेजवळचा सांधा उखळीचा असतो, म्हणून पाय सर्व बाजूंना फिरतो. गुडघ्याचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा असतो, म्हणून गुडघा मुख्यतः मागेच वाकतो.

आता प्रतिकृती तयार करू. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. एक मांडीचे हाड, दुसरी नडगी. त्यांची टोके एकमेकांवर ठेवून भोक पाडा. भोकातून दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठी मारा. हा झाला गुडघा. नडगीला सांध्याच्या थोडे खाली दोन दोरे बांधा. एक पुढच्या कडेला, दुसरा मागच्या कडेला. मांडीच्या पट्टीच्या दोन्ही कडांना कागदी नळ्या चिकटवा आणि त्यांतून दोरे वर काढा. हे दोरे म्हणजे मांडीचे स्नायू.

मागचा दोरा ओढा. गुडघा वाकेल. पुढचा दोरा ओढा. पाय सरळ होईल. आता एखादा दोरा ढकलून पाहा. तो नुसता सैल पडेल! आपले स्नायूही असेच असतात. ते हाडाला ओढू शकतात, ढकलू शकत नाहीत. म्हणून त्यांना जोडीने काम करावे लागते.

हे ज्ञान केवळ परीक्षेसाठी नाही. पूर्वीचे कृत्रिम पाय ताठ असत. ते लावून उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा शेतात अनवाणी चालणे कठीण होते. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबराचा लवचीक पाय तयार केला. तोच 'जयपूर फूट'. शर्मा फारसे शिकलेले नव्हते; पण त्यांचा हात कुशल होता आणि नजर बारीक होती. या पायामुळे हजारो अपंग माणसे पुन्हा कामाला लागली.

पुठ्ठा आणि दोरा तुमच्याजवळही आहे. पाय तयार करा, हलवून पाहा आणि तो असाच का हलतो, हे स्वतःला विचारा.