हृदयविकारानंतरची पहिली पावले

हृदयविकाराच्या झटक्यातून वडील वाचून घरी आले, की प्रेमापोटी आपण त्यांस अंथरुणावरून हलू देत नाही. पूर्वी वैद्यकाचाही हाच दंडक असे. परंतु १९५२ साली अमेरिकेत डॉ. लेव्हाइन व डॉ. लाउन यांनी रोग्यास लवकर खुर्चीवर बसविणे हितावह, असे प्रतिपादिले. दुखावलेल्या स्नायूवर वण धरण्यास काही आठवडे लागतात. तोवर जड ओझे वर्ज्य. मात्र डॉक्टरांच्या अनुमतीने प्रथम घरात, मग अंगणात, असे रोज थोडे अधिक चालावे. चालताना सहज बोलता यावे, हीच मर्यादा. छातीत कळ वा धाप लागताच थांबावे. ती न शमल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. बालमित्रहो, वडिलांस निजवून ठेवू नका. त्यांच्याबरोबर चाला, एवढेच आमचे सांगणे.